भिजलेली कोल्हापुरी आणि वाळवायची घाई: या चुका टाळा

मेअखेरच्या वळवात माझी कोल्हापुरी चिंब भिजली. दुसऱ्या दिवशी गॅलरीच्या लोखंडी ग्रिलवर, रणरणत्या उन्हात ठेवून दिली. संध्याकाळी बघतो तर तळ पापडासारखा वळलेला आणि खालून गजांचे काळेकुट्ट पट्टे! एका दुपारी दोन चुका.

ऊन ही पहिली. खऱ्या कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कित्येक दिवस मुरवून कमावतात. असं कातडं ओलं असताना तापलं की आकसतं, कडक होतं. हेअर ड्रायरही नकोच. कोरड्या फडक्यानं टिपून घ्या, खाली वर्तमानपत्र पसरा आणि पंख्याखाली सावलीत ठेवा. कागद ओला झाला की बदला. दोन-तीन दिवस लागले तर लागू द्या. वळलेला तळ मी ओलसर फडक्यानं किंचित दमट करून, कागदात गुंडाळून पाटाखाली दाबला, पाटावर गव्हाचा डबा. बराचसा सरळ झाला, पूर्ण नाही.

काळे पट्टे म्हणजे घाण नव्हे. हिरडा-बाभळीतल्या टॅनिनला, म्हणजे तुरट द्रव्याला, ओलीत लोखंड भेटलं की काळा रंग धरतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून शाई करत, तोच हा प्रकार. साबणानं घासाल तर डाग हटणार नाही; उलट धुण्याच्या पावडरीतल्या सोड्यानं भोवतालचं कातडंही काळवंडेल. पाण्यात लिंबाचे थोडे थेंब घालून कापसानं हलकेच पुसा, आधी तळाच्या कोपऱ्यात करून बघा, मग साध्या ओल्या फडक्यानं लिंबू पुसून काढा.

तेलाचं म्हणाल तर, नवी चप्पल चावते म्हणून लोक ती वाटीभर तेलात बुडवायलाही कमी करत नाहीत. कातडं मऊ पडतं, पट्टा ताणतो, पाय बाहेर घसरतो आणि तळवे तेलकट होतात ते वेगळंच. अंगठा आणि पट्टा आतून जिथे घासतो तिथे एरंडेलाचं बोट फिरवा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसा. आठवडाभर घरातच घाला. ओल्या चप्पलला मात्र तेल लावू नका, आधी ती पुरती सुकू द्या.

पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलीत तर गणपतीपर्यंत बुरशी नक्की. ती घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशनं झाडा, निम्मं व्हिनेगर-निम्मं पाणी लावलेल्या फडक्यानं पुसा, सावलीत सुकवा. नंतर जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा. अधूनमधून उघडून वारा द्यायला विसरू नका.

हे सगळं झाडसालीत कमावलेल्या कातड्यासाठी. कापलेली कड बघा: आरपार तपकिरी असेल तर बहुधा तेच. मधोमध निळसर-करडी झाक दिसली तर ते क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, त्याच्या खोडी निराळ्या.