जिनिंग, दालमिल, राइस मिल: कामगारांच्या आरोग्याबाबत या चुका टाळा

वऱ्हाडात नाहीतर झाडीपट्टीत (पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यात) जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, किंवा कुठल्याही मिलमध्ये जाऊन ‘कामगारांच्या तब्येतीसाठी काय करता?’ असं विचारा. मॅनेजर तीन गोष्टी दाखवेल: पाण्याचे कॅन, भिंतीवरचा प्रथमोपचाराचा डबा आणि मागच्या शिबिराचा बॅनर. वस्तू खऱ्याच असतात. त्या वापरात का येत नाहीत, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे. पाणी प्यायला, सावलीत बसायला, दवाखान्यात जायला मजुरी बुडवावी लागत असेल, तर माणूस तब्येत बुडवतो.

पाणी आहे, पण पीत कोणी नाही

एप्रिलमध्ये पारा ४४-४५ वर गेला की कॅन वाढवले जातात. तरी संध्याकाळी ते अर्धे भरलेलेच. ‘यांना सवयच नाही पाणी प्यायची,’ हे मॅनेजरचं ठरलेलं निदान. कापसातला कवडी-कचरा निवडणाऱ्या बायांना विचारून पाहा. ‘पानी पेलं का जा लागते ना भाऊ. आन् जाव कुठी?’ संडास गेटपाशी, समोर ट्रकवाले उभे, आतून कडी नाही, बादलीत पाणी नाही. मग त्या सकाळपासून घोट-दोन घोटांवर दिवस काढतात आणि लघवीची जळजळ घेऊन घरी जातात. कडी, दिवा आणि बादली आधी. कॅन नंतर.

हमालांची अडचण निराळी. त्यांचा हिशेब कट्ट्यामागे, म्हणजे पोत्यामागे. पाच मिनिटं टेकला की तेवढे कट्टे दुसऱ्याच्या नावावर. त्याला ‘आराम करत जा’ सांगणं फुकट आहे. उन्हाळ्यात काम पहाटे लवकर सुरू करा, दुपारी १२ ते ४ लोडिंग थांबवा आणि त्या थांबण्याची भरपाई दरात धरा. पाणी माणसापर्यंत न्या: दर १५-२० मिनिटांनी ग्लासभर, आणि ते फिरवण्याचं काम एका माणसाला नेमून द्या. ‘ज्याला लागेल तो घेईल’ म्हटलं की कोणीच घेत नाही.

ओआरएसचं पाकीट २० लिटरच्या कॅनमध्ये टाकून दिवसभर पुरवण्याची काटकसर काही ठिकाणी चालते. एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठीच असतं. कॅनमध्ये टाकलं तर उपयोग नाही, ग्लासात टाकलं तर उलट त्रास. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या सपाट चमच्याने.

कूलर लावूनही घुसमट होते, ही तक्रार तर कायमची. कारण साधं आहे. कूलर हवेत ओल सोडतो. खोली बंद असेल तर ती ओल आतच साचते आणि अंगावरचा घाम वाळत नाही. समोरची खिडकी उघडा. नुसता पंखा असेल तर हवा चाळिशीच्या वर गेल्यावर तो गार करत नाही, गरम झोतच अंगावर मारतो.

लगनसराईहून आलेला गडी

दहा-पंधरा दिवस लग्नकार्यात घालवून आलेला जुना, धडधाकट हमाल पहिल्याच दिवशी चक्कर येऊन पडतो. सगळे म्हणतात, रात्री जागला असेल. असेलही. पण एक-दोन आठवडे उन्हातलं काम सुटलं की शरीराची सवयही मोडते. अशा माणसाला पहिल्या दिवशी निम्मं काम द्या आणि चौथ्या दिवशी पूर्ण. अगदी नवख्याला पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा, मग रोज तेवढंच वाढवत न्या. मुकादमाला हे लाड वाटतात, पण ऊन लागण्याच्या बऱ्याच घटना पहिल्या काही दिवसांतल्याच असतात.

आणि कोणी पडलाच तर कांदा हुंगवत बसू नका. माणूस बरळतोय, ओळख पटत नाही, अंग तापलंय, म्हणजे उष्माघात. १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट पाहत थांबू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, बारदान ओलं करून अंगावर टाका, पाणी शिंपडत पंखा चालवा. शुद्धीत नसेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही.

बाजारानंतरच्या दिवशी छाती भरते

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. बऱ्याच गावांत सुट्टी आठवडी बाजाराच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी जिनिंगमधला गडी मरगळलेला येतो, छाती आवळल्यासारखी, धाप, खोकला. मुकादमाचा निकाल तयार: ‘काल पिला असंल.’ १९७४ पासून दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यातही हेच ऐकू येतं! पण कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची, बिसिनोसिसची, खूणच ही आहे. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते आणि सुरुवातीला पुढच्या दिवसांत बरं वाटतं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं की मग त्रास रोजचा होतो. छाती कुठल्या दिवशी भरते हे विचारा आणि लिहून ठेवा. डॉक्टरला ती नोंद फार कामाची.

तोंडाला दुपट्टा बांधल्याने बारीक धूळ अडत नाही. नाकाला घट्ट बसणारा मास्क हवा. त्याआधी धूळ उडवणं बंद करा. शिफ्ट संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने मशीन आणि अंगावरचे कपडे झटकण्याची पद्धत सर्रास आहे, तिने शेडभर धुकं होतं.

खर्रा

‘तंबाखू खाण्यास मनाई’ अशी पाटी, आणि खाली मुकादमाच्याच हातात खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणाची पन्नी. दंड लावून खर्रा सुटत नाही, फक्त लपतो. उपाशीपोटी पहाटे आलेला माणूस भूक मारायला खर्रा घोटतो. नऊच्या सुमारास पोहे-चहाची पगारी सुट्टी दिली तर त्याच्याशी बोलायला तरी जागा मिळते. तोंड तपासायला डॉक्टरच लागतो असं नाही: तीन बोटं उभी जात नसतील किंवा दोन आठवड्यांत छाला भरला नसेल, तर दंतवैद्याकडे पाठवा. सोडायचं असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

शिबिर चुकीच्या वेळी

२१ जूनला योगदिनाचा फोटो निघतो. त्या वेळी जिनिंग बंद, मजूर पेरणीत, फोटोत ऑफिसातली माणसं. शिबिरही हंगाम संपताना घेतात, आणि रिपोर्ट येईपर्यंत बाहेरगावचे मजूर गेलेले असतात. दिवाळीनंतर, कापूस यायला लागल्यावर घ्या. फक्त बीपी-शुगर नको. पूर्व विदर्भात सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी हवीच, कारण पाणी कमी पडलं आणि दमणूक झाली की त्या रुग्णाला असह्य कळा येऊ शकतात. निकाल त्या माणसाच्याच हातात द्या. मुकादमाने चारचौघांत वाचून दाखवला की पुढच्या वेळी कोणी हात पुढे करत नाही.

‘ईएसआयसी आहे ना!’

२१,००० रुपयांपर्यंत पगार म्हणजे ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा योजना), असं धरून चालतात. पण फक्त जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना कायद्यात हंगामी ठरतो आणि त्याला ही योजना लागू होत नाही. सोबत सरकीची ऑइल मिल असेल तर गणित बदलू शकतं, ते सल्लागाराकडून तपासून घ्या. दालमिलला लागू असेल तर ठेकेदाराच्या माणसांची जबाबदारीही शेवटी मालकावर येते. जिथं लागू नाही तिथं महात्मा फुले जनआरोग्य योजनेची रुग्णालयं कुठली, रेशन कार्ड आणि आधार कुणाकडे नाही, हे हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात पाहा. त्या रुग्णालयांची नावं आणि गाडीवाल्याचा नंबर वजनकाट्याच्या खोलीत मोठ्या अक्षरात लावा. रात्रपाळीला ऑफिसला कुलूप असतं.