कॉम्पोझिटिंगचा पहिला शॉट: केसांभोवतीची काळी रेघ आणि इतर चुका

गच्चीवर उभी असलेली मुलगी, मागे हिरवा पडदा, त्या जागी समुद्र आणायचा. कॉम्पोझिटिंग, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका शॉटमध्ये जोडणं, शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे हा शॉट येतोच. गेल्या महिन्यात एक विद्यार्थिनी असाच शॉट घेऊन आली. मुलीच्या केसांभोवती बारीक काळी रेघ दिसत होती आणि ती घालवण्यासाठी तिने दोन दिवस की (हिरवा पडदा गाळून मुलगी वेगळी करणं) पुन्हा पुन्हा काढली होती. तिची की उत्तम होती. खोट होती ती प्रिमल्टमध्ये.

प्रिमल्ट म्हणजे रंगाला अल्फाने (पिक्सेल किती अपारदर्शक आहे ते 0 ते 1 मध्ये सांगणाऱ्या आकड्याने) गुणणं. समजा, केसाच्या कडेच्या एका पिक्सेलचा रंग 0.8 आहे आणि अल्फा 0.5. गुणाकार झाला की रंग 0.4 होतो आणि न्यूक या कॉम्पोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन चित्रं एकावर एक बसवणाऱ्या मर्जला तोच हवा असतो. पण की काढणाऱ्या कीलाइटचा फायनल रिझल्ट आधीच गुणलेला येतो. त्यापुढे तिने सवयीने आणखी एक प्रिमल्ट जोडला होता, म्हणून 0.4 चे 0.2 झाले. काळी रेघ आली ती इथून. तो एक नोड (एकेक काम करणारा ठोकळा) काढला आणि केस मोकळे झाले.

कड काळी नसून उजळ दिसत असेल तर उलटा तपास करा. गुणलेल्या चित्रावर थेट गॅमा 2 (मधल्या छटा उजळवणारा बदल) लावला तर 0.4 चे 0.63 होतात. तेच आधी अनप्रिमल्ट करून (अल्फाने भागून), गॅमा लावून, मग प्रिमल्ट केलं तर 0.45 येतात. सगळी उजळ झालर त्या फरकाची असते. म्हणून रंगाचं काम नेहमी अनप्रिमल्ट आणि प्रिमल्टच्या मध्येच करा. नुसता गेन (सरसकट गुणाकार) वाढवला तर फरक पडत नाही, पण त्या भरवशावर राहू नका.

आता ब्लॅक्स, म्हणजे चित्रातले सर्वांत गडद भाग. सिंहगडावरून घेतलेल्या प्लेटमध्ये (मूळ चित्रीकरणात) लांबचे डोंगर कधीच काळे नसतात. मधल्या हवेमुळे ते निळसर राखाडी दिसतात. त्यांच्यासमोर तुमच्या सीजी (संगणकावर बनवलेल्या) बुरुजाची सावली 0 वर बसली तर ती चित्राला पडलेल्या भोकासारखी दिसते. पडद्याच्या नेहमीच्या उजेडात हे डोळ्यांना लगेच कळत नाही. व्ह्यूअरचा (चित्र दाखवणाऱ्या खिडकीचा) गॅमा वर चढवा, लगेच उघडं पडेल. मग तितक्याच अंतरावरची, प्लेटमधली सर्वांत गडद जागा पिकरने मोजा आणि लाल, हिरवा, निळा अशी एकेका चॅनेलमध्ये सावली तिथवर उचला. माझ्या मते नवख्याने शिकायची पहिली गोष्ट हीच. बाकीची जुळवणी नंतर निम्मी सोपी होते.

प्लेट फिकट, धुरकट दिसत असेल तर ग्रेड (रंगदुरुस्ती) लावायला धावू नका. बहुधा ती लॉगमध्ये (उजेडाचा मोठा पल्ला दाबून साठवणाऱ्या, फिकट दिसणाऱ्या स्वरूपात) शूट झालेली असते आणि फाइल उघडणाऱ्या रीड नोडने ती एसआरजीबी (नेहमीच्या पडद्याचं स्वरूप) म्हणून वाचलेली असते. कलरस्पेस तिथेच बदला. ग्रेडने झाकलं तर वरवर बरं दिसतं, पण पुढचा डीफोकस आणि मोशन ब्लर चुकीच्या आकड्यांवर चालतात.

वायर किंवा ट्रॅकिंग मार्कर पुसताना फ्रेमहोल्डने (एकच फ्रेम गोठवून) ठिगळ लावतो, तेव्हा ग्रेनही (चित्रातला बारीक दाणा) गोठतो. आजूबाजूचा ग्रेन सळसळतो आणि तेवढा तुकडा मेल्यासारखा पडून राहतो. आधी डीनॉइज करा (ग्रेन काढून टाका), ठिगळ लावा आणि मग फक्त ठिगळाच्या अल्फामध्ये ग्रेन परत घाला. निळ्या चॅनेलमध्ये ग्रेन बहुधा सर्वांत जाड असतो, म्हणून तपासणी तिथून सुरू करा.

रोटोत (फ्रेमगणिक हाताने आकार आखून माणूस वेगळा करताना) अख्खा माणूस एकाच शेपमध्ये कोंबू नका. दंड, कोपरापुढचा हात, पंजा, सगळे वेगळे ठेवा. प्रत्येक फ्रेमवर कीफ्रेम टाकली (म्हणजे आकार नव्याने बसवला) तर कड थरथरते. हात जिथे दिशा बदलतो त्या फ्रेम आधी धरा, मग मधल्या. सेकंदाला 24 फ्रेमच्या चित्रपटात शटर साधारण 180 अंशांचं, म्हणजे 1/48 सेकंदाचं असतं. त्यामुळे वेगाने फिरणाऱ्या हाताची कड प्लेटमध्ये पुसट असते आणि तुमची मात्र धारदार राहते. रोटोचा मोशन ब्लर चालू करा आणि शटर 0.5, म्हणजे अर्धी फ्रेम, ठेवा.

त्या विद्यार्थिनीच्या शॉटमध्ये काळी रेघ गेल्यावर केसांच्या टोकांना हिरवट झाक दिसू लागली. ती आधीपासूनच होती, काळ्या रेघेखाली दबलेली. आता ती विद्यार्थिनी डीस्पिलवर (पडद्यावरून सांडलेला हिरवा रंग काढण्यावर) बसली आहे.