शाळेत ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवताना या चुका टाळा

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कॅथलिक माध्यमिक शाळांत धर्माच्या तासिकेला मुले कंटाळू लागली, पालक कुरकुर करू लागले किंवा शिक्षकच प्रश्नांना बगल देऊ लागले, की त्यामागे बहुधा एकच गल्लत असते. चर्चमध्ये दिले जाणारे धर्मशिक्षण आणि शाळेत शिकवायचे धर्मशास्त्र हे एकच काम आहे, असे धरून चाललेले असते. कॅथलिक शिक्षणाची जबाबदारी असलेल्या रोममधील मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात या दोहोंचे नाते जवळचे असले तरी त्यांतील भेद स्पष्ट आहे, असे नमूद केले आहे. चर्चमधील धर्मशिक्षणात शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या संदेशाचा, स्वीकार गृहीत धरलेला असतो. शाळेतील अभ्यासाचे उद्दिष्ट मात्र ज्ञान हे असते.

सावंतवाडीच्या किंवा मालवणच्या वर्गात ख्रिस्ती मुलांच्या शेजारी हिंदू आणि मुसलमान मुलेही बसलेली असतात, त्यामुळे या भेदाला कायद्याचेही अंग आहे. संविधानाच्या कलम २८(३) नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेतील विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकांच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही. वर्षारंभीच लेखी संमती घ्यावी आणि ज्यांची संमती नाही, त्यांच्यासाठी त्याच वेळी मूल्यशिक्षणाची तासिका ठेवावी. अशा मुलांना व्हरांड्यात नुसते बसवून ठेवणे याला व्यवस्था म्हणता येणार नाही.

वर्गात कोणते बायबल उघडले जात आहे, हे न पाहणे ही चूक क्षुल्लक वाटते. पण ती वर्षभर छळते. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, तर प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. जुन्या करारातील तोबीत, मक्काबी इत्यादी सात पुस्तके प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नसतात. २ नोव्हेंबरला आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती लावून आलेली आठवीतील मुलगी दुसऱ्या दिवशी विचारते, मृतांसाठी प्रार्थना करावी असे बायबलमध्ये कोठे आहे? शिक्षक मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय काढायला सांगतात आणि अर्ध्या वर्गाला ते पुस्तकच सापडत नाही. दहा आज्ञांचेही तसेच आहे. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा कॅथलिक क्रमात चौथी, तर बहुतेक प्रॉटेस्टंट पुस्तकांत पाचवी येते; बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आज्ञांना क्रमांक दिलेलेच नाहीत, म्हणून दोन परंपरांनी त्यांची मोजणी दोन प्रकारे केली. उत्तरावर फुली मारण्यापूर्वी मुलाने कोणत्या पुस्तकातून अभ्यास केला ते पाहावे, आणि हा फरक झाकून न ठेवता त्यावर एक संपूर्ण तासिका खर्च करावी. ती वाया जात नाही.

सोपे करून सांगण्याच्या नादात सिद्धांतच बदलून जाण्याचा धोका असतो. पवित्र त्रैक्यासाठी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे मिळून एकच देव या शिकवणीसाठी, पाणी, बर्फ आणि वाफ यांचा दाखला सर्रास दिला जातो. त्यातून एकच देव वेळोवेळी तीन रूपे घेतो असा अर्थ निघतो, जो चर्चने आरंभीच्या शतकांतच नाकारला होता. ८ डिसेंबरचा निष्कलंक गर्भसंभवाचा सण येशूच्या गर्भधारणेचा आहे, असे तर काही शिक्षकही समजतात. तो सण येशूची आई मरिया हिच्याविषयी आहे : स्वतःच्या आईच्या उदरात आल्या क्षणापासून मरिया आदिपापापासून, म्हणजे प्रत्येक माणसाला जन्मतःच लागणाऱ्या पापापासून, मुक्त होती, हा सिद्धांत १८५४ साली घोषित झाला. ज्या सणाला लागून वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा भरते, तो मरियेचा जन्मोत्सव ८ सप्टेंबरला, म्हणजे बरोबर नऊ महिन्यांनी येतो. या दोन तारखा फळ्यावर लिहिल्या की गोंधळ मिटतो.

सर्वाधिक काळजी इतर धर्मांविषयी बोलताना घ्यावी लागते. येशूच्या दुःखसहनाचा पाठ घेताना ‘यहुद्यांनी त्याला मारले’ असे सरसकट विधान आजही वर्गात ऐकू येते, आणि ते मला अक्षम्य वाटते. येशू, मरिया आणि प्रेषित हे सारे यहुदीच होते. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात, त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर या मृत्यूचा दोष ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केले. कोकणातील शिक्षकाला हे समजावण्यासाठी दूर जावे लागत नाही. शनिवारी, म्हणजे शब्बाथ या यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ हे नाव पडलेला मराठी बोलणारा बेने इस्रायल समाज याच किनाऱ्यावर शतकानुशतके राहिला; अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांचे मागेन अबोथ हे सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) आहे. परवानगी काढून तेथे नेलेल्या मुलांना शब्बाथ म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

सिंधुदुर्गात दशावतारी नाटके पाहत वाढलेली मुले येशूही एक अवतारच का, असे विचारतात. ‘तसेच समजा’ हे उत्तर दोन्ही परंपरांवर अन्याय करते. धर्माला ग्लानी येते तेव्हा विष्णू पुनःपुन्हा अवतरतो, ही एक मांडणी. देवाचा पुत्र एकदाच, इतिहासातील एका ठिकाणी पूर्ण मनुष्य झाला आणि पुनरुत्थानानंतरही मनुष्यच राहिला, ही दुसरी. दोन्ही शेजारी शेजारी, सारख्याच आदराने मांडाव्यात आणि कोणती श्रेष्ठ याचा निवाडा तासिकेत करू नये.

उत्क्रांतीचा प्रश्न आला की तो टाळण्याचे कारण नाही. वाटाण्यांच्या प्रयोगांमुळे विज्ञानाच्या पुस्तकात भेटणारा मेंडेल हा ऑगस्टिनियन संघाचा धर्मगुरू होता, एवढे सांगितले तरी चर्चेला चांगली सुरुवात होते.

गुण देताना भक्तिभाव मोजू नये. ज्याचा या श्रद्धेवर विश्वास नाही, पण जो ती अचूक मांडतो, त्याला पूर्ण गुण मिळायला हवेत. त्यासाठी प्रश्नपत्रिकाच बदलावी लागते : ‘क्षमेचे महत्त्व लिहा’ या प्रश्नाला पाठ केलेली गोड वाक्येच मिळतात, तर ‘लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरल्या भावाची तक्रार कोणती आहे आणि वडील तिला काय उत्तर देतात?’ या प्रश्नाचे उत्तर लिहिण्यासाठी कोणत्याही धर्माच्या मुलाला तो दाखला वाचावाच लागतो.