सिंगापूरला नवीन आलात? मग आधी बाहेर खायला शिका

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी नवीन येतं आणि पहिला प्रश्न ठरलेला, तिकडे व्हेज मिळतं का? अहो मिळतं, भरपूर मिळतं, फक्त मागायचं कसं ते कळायला हवं. मी आले तेव्हा पहिले सहा महिने लिटिल इंडियाच्या बाहेर जेवलेच नाही. टेक्का सेंटर (तिथलंच बाजार आणि खाण्याच्या स्टॉलचं संकुल), नाहीतर सेरंगून रोडवरचं कोमला विलास (1947 पासून चालू आहे, डोसा छानच), आणि परत टेक्का. इतक्या चवींच्या शहरात येऊन मी अर्धं वर्ष सांबारात काढलं.

त्याला कारण होतं म्हणा. दुसऱ्याच आठवड्यात ऑफिसजवळच्या एका स्टॉलवर "नो चिकन, नो मीट" सांगून नूडल्स मागवल्या, अंकलनी मान डोलावली आणि वरून चार टपोऱ्या कोळंब्या घालून दिल्या! त्यांचं काही चुकलं नव्हतं, इथे बऱ्याच जणांच्या लेखी मीट म्हणजे डुक्कर, कोंबडी, बीफ; मासळी-कोळंबी त्यात येतच नाही. आणि कोळंबी बाजूला काढून भागत नाही, कारण नूडल्स बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, आणि कांगकाँगसारखी साधी हिरवी पालेभाजी दिसली तरी तिच्या सांबलमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, बेलाचान असतं, म्हणजे जवळा आंबवून केलेली पेस्ट. तेव्हा "नो मीट" नाही, सरळ "व्हेजिटेरियन स्टॉल कुठे" असं विचारा. बऱ्याच हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छताखाली खाण्याचे खूप स्टॉल असतात तिथे, एखादा चायनीज बौद्ध व्हेज स्टॉल असतो, पारंपरिक असेल तर तिथे कांदा-लसूणसुद्धा नसतो, आमच्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा चातुर्मास तिथेच निभावला. काचेमागे बदक, डुकराचं मटण असं काहीबाही दिसेल, घाबरू नका, ते सोया नाहीतर गव्हाचं असतं. चायनीज महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तिथे मोठी रांग लागते कारण बरेच बौद्ध लोक त्या दिवशी शाकाहारी खातात. आपल्या एकादशीसारखंच झालं की हे.

नॉनव्हेज खाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, हलाल सर्टिफिकेट असलं की पोर्क नाही हे नक्की, पण बीफ असू शकतं, रेंडांग (नारळाच्या दुधात आटवलेलं मसालेदार मटण) तर बऱ्याचदा बीफचंच असतं. आणि व्हेजवाल्यांनो, प्राटा (आपल्या पराठ्यासारखा) व्हेज असला तरी सोबतची करी माशाची किंवा मटणाची येऊ शकते, "डाल करी" असं आधीच सांगा.

आता बसायची जागा. बारा ते एक हॉकर सेंटरमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तेवढ्यात एक रिकामं टेबल दिसतं आणि वर फक्त टिश्यूचं पाकीट. तिथे बसू नका! ते टेबल "चोप" केलेलं आहे, म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो ना आपण, तेच. जेवण झालं की ट्रे स्वतः उचलून ठेवायचा, 2021 पासून सक्ती आहे, पहिल्यांदा ताकीद आणि परत सापडलात तर दंड. हलाल ट्रेचा रॅक बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो, तेवढं बघून ठेवा.

रेस्टॉरंटमध्ये मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली की समजायचं, 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या सगळ्यावर 9 टक्के जीएसटी, म्हणजे 100 डॉलरचं जेवण 119.90 ला पडतं. वेगळी टिप द्यायची पद्धत नाही. काही चायनीज रेस्टॉरंटमध्ये न मागता शेंगदाणे आणि ओला टिश्यू आणून ठेवतात, ते फुकट नसतात, नको असेल तर लगेच परत करा, कोणाला राग येत नाही. हॉकर सेंटरला ही भानगडच नाही, पाटीवर लिहिलंय तेवढेच पैसे. म्हणून तर इथली निम्मी घरं रोज तिथेच जेवतात असं मला वाटतं, आणि त्यात कमीपणा कोणालाच वाटत नाही, सूटबूटवाला आणि रिक्षावाले म्हणजे इथले टॅक्सीवाले अंकल एकाच टेबलावर. 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली ती हीच हॉकर संस्कृती.

चहा-कॉफीचा स्टॉल बहुतेक वेगळा असतो आणि त्याची भाषाही वेगळी. नुसतं कोपी म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कवाली गोड कॉफी येते, कोपी-ओ म्हणजे बिनदुधाची पण साखर असतेच, कोपी-सी मध्ये इव्हॅपोरेटेड दूध, कोसोंग म्हटलं की बिनसाखरेची, सिउ दाइ म्हणजे साखर कमी, पेंग म्हणजे बर्फ घालून. हे सगळं जोडत जायचं. पाठीमागे दहा माणसं उभी असताना आंटी "याह?" म्हणून बघते आणि आपलं त-त-प-प होतं, म्हणून रांगेतच मनात म्हणून ठेवा. आणि घरच्या चहाची आठवण आली तर इंडियन मुस्लिम स्टॉलवर "तेह हालिया, सिउ दाइ" मागा, आल्याचा चहा, वरून खाली ओढून फेस आणलेला. फक्त तो तिथेच बसून प्या, पार्सल घेऊन एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, घोट घेतलात तर 500 डॉलरपर्यंत दंड आहे.