ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीचं पासिंग: आधी काय जमवून ठेवावं

गॅरेजात गाडी आकार घेत असते तेव्हा सगळा जीव वेल्डिंगमध्ये आणि इंजिनात अडकलेला असतो, पण ब्रिटनमध्ये ती रस्त्यावर येते ती पावत्यांच्या जोरावर. म्हणून पहिला बोल्ट आवळायच्या आधी एक जाड फाइल घ्या. किटची, म्हणजे गाडी बांधायच्या तयार भागांच्या संचाची, पावती, जुन्या गाडीचे भाग वापरणार असाल तर तिचं लॉगबुक, इंजिन कोणत्या सालचं याचा पुरावा आणि काम चालू असतानाचे भरपूर फोटो तिच्यात जाऊ द्या. तिथलं लॉगबुक, म्हणजे व्ही५सी, गाडी कोणाच्या नावे नोंदली आहे एवढंच सांगतं. मालकी सिद्ध करत नाही. ती पावत्यांवरूनच दाखवावी लागते. इंजिनाचं साल धुराच्या चाचणीतही लागतं: ऑगस्ट १९७५ च्या आधीच्या इंजिनाचा धूर नुसता डोळ्यांनी बघतात, नंतरच्याला यंत्र लावतात.

मग डीव्हीएसए या वाहनं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची आयव्हीए तपासणी, म्हणजे एकेका गाडीला मंजुरी देणारी. अर्ज हौशी बांधणीच्या वर्गात करायचा. तिची नियमपुस्तिका सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते. ती गाडी झाल्यावर नव्हे, बांधण्याआधी वाचा. बहुतेकांची दांडी ब्रेकवर नाही, कडांवर उडते. १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा बाहेरून जिथे टेकेल तिथली कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. आरशाची दांडी, सस्पेन्शनचे नट, पत्र्याची धार, सगळं हाताने चाचपून बघा. रबरी टोप्या आणि कडपट्ट्या घाऊक आणल्या तरी पुरत नाहीत. स्टेअरिंग वळवून सोडलं की आपोआप सरळ होण्याकडे झुकलं पाहिजे, तेव्हा कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकांच्या वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल, आधीच नीट लावून घ्या. सायलेन्सरचा आवाज ९९ डेसिबलच्या आत. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवेल तर थोडं चालतं, कमी दाखवलेला अजिबात नाही. मागचा फॉग दिवा ब्रेकच्या दिव्यापासून किमान १०० मिलिमीटर लांब बसवा. बॉडी रंगवून झाल्यावर हे लक्षात आलं तर नवं भोक पाडावं लागतं.

हे जाचक वाटेल, पण मला त्याचा हेवा वाटतो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून छोटी जीप बांधली, तेव्हा आनंद महिंद्रांनी ती नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, असं म्हणत बदल्यात बोलेरो देऊ केली. कौतुक झालं, पण पासिंगची वाट काही निघाली नाही.

चासी नंबर चासीवर कायमचा कोरलेला हवा. विमाही आधी त्याच नंबरावर काढायचा, कारण तपासणीची वेळ ठरलेली असेल तर नंबरप्लेट नसलेली गाडी तिथपर्यंत चालवत नेता येते, विम्याशिवाय मात्र नाही. ट्रेलर मिळाला तर उत्तमच.

पास झाल्यावर मिळालेलं प्रमाणपत्र, विमा, पावत्या, फोटो आणि व्ही६२७/१ हा बांधणीचा फॉर्म डीव्हीएलएकडे, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, पाठवायचा. सोबत नोंदणीचा अर्ज: नव्या गाडीसाठी व्ही५५/४, जुने भाग असतील तर व्ही५५/५. सगळं नवं असेल तर चालू सालचा नंबर मिळतो. जुन्या गाडीचे मुख्य भाग पुराव्यासह दाखवता आले तर तिच्या वयाचा. पुरावा तोकडा पडला की गाडीचं वय नक्की नाही असं सांगणारी ‘क्यू’ अक्षराची पाटी येते, आणि तिच्यावर हौसेचा नंबरही लावता येत नाही. पाठवण्याआधी प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून ठेवा.