जुन्या ओम्नीच्या पुढच्या चाकातून आवाज येतोय? पार्ट बदलायच्या आधी या चुका टाळा

मारुतीची ओम्नी व्हॅन बंद होऊन बरीच वर्षं झाली, २०१९ ला शेवटच्या निघाल्या, पण शाळेच्या मुलांना नेणाऱ्या, भाजी-फुलं वाहणाऱ्या, केटरिंगवाल्यांच्या अशा ढिगाने ओम्नी अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते. पुढच्या चाकातून काहीतरी आवाज येतोय, गॅरेजवाला म्हणाला बेअरिंग गेलंय, बेअरिंग बदललं, आवाज तसाच. मग दुसऱ्या बाजूचं बदललं, मग टायर, मग शॉकप (धक्के झेलणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर), आणि खिसा रिकामा झाला तरी गाडी घरघरतेच आहे.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक पार्ट शोधत बसतात, आवाज कधी येतो ते कोणी शोधत नाही. कुठल्या स्पीडला येतो, सरळ जाताना की वळताना, ब्रेक दाबल्यावर वाढतो की बंद होतो, गाडी रिकामी असताना येतो की मुलं भरल्यावर, सकाळी पहिल्यांदा काढल्यावर येतो की तापल्यावर, एवढं दोन दिवस लक्ष देऊन बघितलं तरी निम्मं काम होतं. गॅरेजमध्ये जाऊन "आवाज येतोय" एवढंच सांगितलं तर मिस्त्री त्याच्या सवयीचा पार्ट बदलणार, त्याचा तरी काय दोष.

दुसरी चूक खास ओम्नीवाल्यांची. आपल्याकडच्या बऱ्याच मिस्त्रींचा हात बसलाय तो मारुती ८०० आणि अल्टोवर, आणि त्या गाड्यांत वळताना पुढून कट-कट आवाज आला की डोळे झाकून अ‍ॅक्सल, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकाला देणाऱ्या दांड्याचा सांधा, सीव्ही जॉइंट. ओम्नीला इंजिन ८०० मधलंच, ७९६ सीसी, पण जोर मागच्या चाकांना जातो. पुढच्या चाकाला अ‍ॅक्सल नाहीच! तिथे फक्त हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), बेअरिंग, ब्रेक, स्टेअरिंगचे सांधे आणि शॉकप. त्यामुळे कोणी ओम्नीच्या पुढच्या चाकाचा अ‍ॅक्सल गेला म्हणालं तर हसून गाडी पुढच्या गॅरेजला न्या. ओम्नीत वळताना कट-कट किंवा कड-कड येत असेल तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट, टाय रॉड एन्ड (स्टेअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) आणि शॉकपच्या वरचं माउंटिंग आधी बघायचं. मारुतीच्या ईकोचंही हेच, तिलाही जोर मागेच.

आता मुख्य टेस्ट. मोकळा, सपाट, मागे कोणी नसलेला रस्ता बघा, ज्या स्पीडला आवाज येतो त्या स्पीडला गाडी न्या आणि न्यूट्रल करा. चावी बंद करायची नाही, अजिबात नाही, स्टेअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकचा बूस्टर पण जातो. न्यूट्रलला इंजिनचा आवाज उतरला आणि घरघर पण उतरली तर चाकाला हात लावू नका, विषय इंजिनकडचा आहे, माउंटिंग, बेल्ट, सायलेन्सरचा पाइप कुठे घासतोय का ते बघा. ओम्नीत इंजिन तुमच्या सीटखाली आणि पुढची चाकं जवळपास पायाखाली, त्यामुळे कानाला दोन्ही एकाच जागेवरून आल्यासारखं वाटतं. घरघर तशीच राहिली आणि स्पीड उतरेल तशी उतरली तर चाकांबरोबर फिरणारं काहीतरी आहे. हे "काहीतरी" फक्त पुढचं चाक नसतं हे लक्षात ठेवा, इंजिनाचा जोर मागे नेणारा मधला प्रोपेलर शाफ्ट आणि तो मागच्या दोन चाकांना वाटणारा डिफरन्शियल पण चाकाबरोबरच फिरतात. क्लच सोडताना सीटखाली खट असा झटका बसतो का बघा, बसत असेल तर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, आधी तपासा.

मग टायर का बेअरिंग हा घोळ. दोन्हीची घरघर इतकी सारखी की अनुभवी माणूस पण फसतो. टायर एका बाजूने खाल्लेला असेल किंवा टायरच्या गोट्यांवर, म्हणजे नक्षीवर, लाटांसारखे खड्डे पडले असतील तर हात फिरवून कळतं, डोळ्याने कळेलच असं नाही. अजून एक खूण, रस्ता बदलला की टायरचा आवाज बदलतो. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गाडी आली, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे घ्या, की टायरचा सूर लगेच वेगळा लागतो. बेअरिंगला रस्त्याचं काही पडलेलं नसतं, तो सगळीकडे तोच सूर लावतो. तरी शंका असेल तर पुढचे टायर मागे टाका, फुकट काम आहे. आवाज मागे गेला तर टायरच.

बेअरिंगचा संशय असेल तर लांब, मंद वळणावर कान द्या. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकावर येतं, तेव्हा घरघर वाढली तर उजवं संशयित, उलटं असेल तर डावं. दरवेळी बरोबर येईलच असं नाही पण बऱ्याचदा येतं. मात्र ओम्नी उंच आणि अरुंद गाडी आहे, टेस्टच्या नावाखाली झटकन स्टेअरिंग डावं-उजवं मारू नका.

आता जॅक. इथली चूक म्हणजे नुसत्या जॅकवर गाडी उभी करून खाली डोकं घालणं. सपाट जमीन, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, आणि गाडीखाली स्टँड. मग चाक वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला की लोक लगेच "बेअरिंग!" म्हणतात, पण तो बॉल जॉइंटचा पण असू शकतो. फरक ओळखायची सोपी युक्ती आहे, आत कोणालातरी बसवून ब्रेक घट्ट दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, कारण डिस्क आणि नकल (हब ज्यात बसतं तो भाग) एकमेकांना पकडून धरलेत. खेळ तसाच राहिला तर बॉल जॉइंट नाहीतर शॉकपकडचं काही. डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवल्यावरच खेळ येत असेल तर टाय रॉड एन्ड नाहीतर स्टेअरिंगची रॅक.

याहून भारी टेस्ट म्हणजे एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं शॉकपच्या स्प्रिंगवर नुसती टेकवायची. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंगमध्ये काही कळत नाही. गेलेलं असेल तर बोटांना बारीक खरखर लागते, जात्यात खडा आल्यासारखी, कानाला ऐकू येत नसली तरी. डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना करा, फरक लगेच कळतो.

ब्रेकवाले आवाज वेगळे. चीं-चीं येतोय आणि ब्रेकवर हलका पाय ठेवल्यावर बंद होतोय, तर पॅड सैल बसलेत किंवा पॅड संपत आल्याची पत्री डिस्कला घासतेय. दाबल्यावर खर्र वाढतंय तर पॅड संपलेत, चाक उघडाच. पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखरते ते डिस्कवरच्या गंजामुळे, त्याला घाबरू नका. अचानक सुरू झालेला पत्रा घासल्यासारखा कर्कश आवाज असेल तर डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकलेला असतो, थोडं मागे-पुढे केलं तर कधीकधी स्वतःच पडतो. आणि पंक्चर काढल्यावर आवाज सुरू झाला असेल तर बाकी सगळं सोडून आधी चाकाचे नट बघा, गाडी बाजूला घेऊन तिथल्या तिथे.

या सगळ्यात एक गुन्हेगार असा आहे की त्याचं नाव कोणी घेत नाही. आमच्या शेजारच्या काकांची जुनी ओम्नी, स्पीड वाढला की पुढून कर्र-कर्र, न्यूट्रलला पण तसंच, म्हणजे सगळी लक्षणं चाकाची. दोन्ही बेअरिंग नवीन घातलेली. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडीत बसल्यावर चाकाकडे न बघता मीटरकडे बघितलं, काटा थरथरत होता. स्पीडोमीटरची केबल सुकली होती! ती गिअरबॉक्सपासून फिरते, म्हणून गाडीच्या स्पीडबरोबर आवाज वाढतो-उतरतो, आणि डॅशबोर्डमागे वाजते म्हणून पुढच्या चाकातून आल्यासारखी वाटते. केबलचा मीटर असेल आणि काटा थरथरत असेल तर केबल सोडून एक चक्कर मारा, खर्च शून्य.

आणि बेअरिंगच गेलं असेल, तर बदलताना होणारी चूक बघा. हातोडीने ठोकून बसवलेलं बेअरिंग नवीन असलं तरी लवकरच परत घरघरायला लागतं. प्रेस मशीनवर बसवून घ्या, आणि जे कडं घट्ट बसवायचंय त्याच कड्यावर जोर आला पाहिजे, आतल्या कड्यावर जोर देऊन बाहेरचं बसवलं की गोळ्यांचे ठसे उमटतात आणि मग ते गेलंच. ऑइल सील पण नवीन घाला. शंभर-दीडशे वाचवायला जुनं सील ठेवलं की पावसाळ्यात पाणी आत, ग्रीस बाहेर. गाडी पुराच्या पाण्यातून गेलेली असेल, कोकण-कोल्हापूरकडच्या लोकांना सांगायला नको, तर आवाज नसला तरी हब एकदा तपासून घ्या. डुप्लिकेट बेअरिंग बॉक्सवरून ओळखू येत नाहीत, म्हणून ओळखीच्या दुकानातून बिलासकट घ्या.

चाकाला हाताने खेळ जाणवतोय, किंवा एका बाजूचं हब दुसऱ्यापेक्षा खूप जास्त तापतंय, तर मुलं भरून गाडी काढू नका, टो करून न्या. तापलंय का बघताना हात एकदम टेकवू नका, आधी जवळ नेऊन धग बघा. काम झाल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट परत एकदा पान्याने तपासा, गॅरेजवाल्याने गनने टाइट केलेले असले तरी.