दहा-बारा पौंडात जगभरची वाइन: क्लब निवडायचा कसा आणि घरचा चालवायचा कसा

मी पहिला वाइन क्लब, म्हणजे ठरावीक काळाने घरपोच बाटल्या पाठवणारी योजना, घेतला तो निव्वळ लोभापायी. 12 बाटल्यांची केस निम्म्या किमतीत, वर दोन ग्लास फुकट, आणि मी मूळची नाशिकची म्हणजे वाइनमधलं आपल्याला बरंच कळतं असा उगाच एक गैरसमज. तीन महिन्यांनी ऑफिसातून घरी येते तर दारात दुसरी केस, आपण न मागवलेली, आणि कार्डातून पूर्ण पैसे गेलेले. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. फोन लावला तर अर्धा तास नुसतं म्युझिक.

तर इंग्लंडात राहणाऱ्या आणि हाच उद्योग करायच्या बेतात असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

आधी पैशाचं गणित समजून घ्या, कारण ते एकदा डोक्यात बसलं की दुकानात उभं राहून निम्मे निर्णय आपोआप होतात. इथे वाइनवर ड्युटी, म्हणजे सरकारी कर, लागते ती अल्कोहोलच्या टक्क्यावर, बाटलीच्या किमतीवर नाही. 2025 च्या फेब्रुवारीत जे दर लागू झाले त्यानुसार 12.5 टक्क्यांच्या 750 मिलीच्या बाटलीवर साधारण 2.77 पौंड ड्युटी होती, मग ती बाटली 6 पौंडाची असो की 60 ची. वर 20 टक्के व्हॅट. म्हणजे त्या दराने 6 पौंडाच्या बाटलीतून 1 पौंड व्हॅट आणि 2.77 ड्युटी गेली की उरले सव्वादोन पौंड, आणि त्यात काच, बूच, लेबल, जहाजाचं भाडं, दुकानदाराचा नफा आणि सगळ्यात शेवटी बिचारी द्राक्षं. तीच बाटली 12 ची घेतली तर 2 पौंड व्हॅट, तीच 2.77 ड्युटी, आणि उरतात सव्वासात. किंमत दुप्पट पण आतल्या मालासाठी तिपटीहून जास्त. म्हणून माझा सरळ हिशोब असा की 6 च्या दोन घेण्यापेक्षा 12 ची एक घ्या. 20 च्या वर गेलं की मात्र तुम्ही बरेचदा गावाच्या नावाचे पैसे देता, ते ज्याला द्यायचे त्याने द्यावेत.

आता क्लब. सबस्क्रिप्शनवाला क्लब घेणार असाल तर तीन गोष्टी बघा: पुढची केस आपोआप येते का, ती थांबवायची कशी, आणि केसमधल्या बाटल्या दुसरीकडे कुठे विकत मिळतात का. ही तिसरी गोष्ट महत्त्वाची, कारण खूप क्लब स्वतःचंच लेबल लावतात, म्हणजे "मूळ किंमत 14, तुम्हाला 8" असं छापलेलं असतं पण ती 14 ला कुणी कधी विकत घेतली होती हे तपासायला जागाच नाही. वाइन-सर्चर या किमती शोधायच्या वेबसाइटवर नाव टाकून बघा, तुमच्या क्लबशिवाय कुठेच दिसत नसेल तर डिस्काउंटचा आकडा सरळ विसरा आणि देताय त्या किमतीला परवडतेय का एवढंच बघा. आणि चुकून केस आलीच तर घाबरू नका, ऑनलाइन घेतलेल्या वस्तूला इथे माल हातात आल्यापासून 14 दिवस ऑर्डर रद्द करायचा हक्क आहे, फक्त बाटल्या उघडू नका. मी त्यातली एक उघडली होती. असो.

माझा सध्याचा क्लब वेगळ्या जातीचा आहे, द वाइन सोसायटी. ही चक्क सहकारी संस्था आहे, आपल्याकडच्या साखर कारखान्यासारखी शेअरवाली, फक्त इथे निवडणुकीला पॅनल पडत नाहीत. 1874 साली लंडनला मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं, तिथे पोर्तुगालने वाइनची पिंपं पाठवली आणि ती रॉयल अल्बर्ट हॉलच्या तळघरात तशीच पडून राहिली, कुणाचं लक्षच गेलं नाही. मग त्या हॉलचा आर्किटेक्ट हेन्री स्कॉट आणि त्याच्या मित्रांनी जेवणावळी घालून लोकांना ती वाइन पाजली, लोकांना आवडली, आणि त्यातूनच ही सोसायटी निघाली. आता स्टीव्हनेजला आहे. मी शेअर घेतला तेव्हा तो 40 पौंडाला होता, एकदाच भरायचा आणि आयुष्यभर मेंबर, दरवर्षी फी नाही, अमुक इतकी घेतलीच पाहिजे असं बंधन नाही. मेंबरच मालक असल्यामुळे नफा काढून नेणारा तिसरा कुणी नसतो, आणि त्यांच्या स्वतःच्या लेबलची वाइन बहुतेक वेळा कुणा नावाजलेल्या उत्पादकाकडून केलेली असते, मागच्या बाजूला नाव छापलेलं असतं. ते वाचायची सवय लावा.

पण माझ्या मते खरा क्लब म्हणजे स्वैपाकघरातला. आम्ही रेडिंग आणि आजूबाजूची आठ मराठी माणसं महिन्यातून एकदा शनिवारी जमतो. प्रत्येकी 6 पौंड, म्हणजे 48, म्हणजे 12 पौंडाच्या चार बाटल्या. चारच. सुरुवातीला आम्ही आठ आणायचो आणि पाचव्या बाटलीनंतर सगळ्यांनाच सगळं आवडायला लागायचं. प्रत्येक बाटलीचं माणशी 50 मिली ओतायचं, त्यासाठी इथलं 25 मिलीचं पेग मेजर दोनदा भरा (आपल्याकडचं 30 चं असतं ते नको, हिशोब चुकतो). चार बाटल्यांचं मिळून माणशी 200 मिली होतं आणि प्रत्येक बाटलीत जवळजवळ निम्मी उरते, तिचं काय करायचं ते शेवटी सांगते. गाडी घेऊन कुणी यायचं नाही, ट्रेनने या.

बाटल्या झाका. आम्ही मुलांचे फुटबॉलचे जुने मोजे घालतो, धुतलेले, त्यावर नंबर. हा प्रकार पोरकट वाटेल पण सगळी गंमत इथेच आहे, कारण लेबल दिसलं की आपली जीभ लेबलाचं ऐकते. आमच्यातले एक काका फक्त फ्रेंचच वाइन पितात असं सांगायचे, त्यांनी झाकलेल्या चारातून सलग तीन महिने पोर्तुगालचीच पहिली काढली, आता त्या विषयावर ते बोलत नाहीत. प्रत्येकाने कागदावर चव आणि अंदाजे किंमत लिहायची आणि मगच मोजा काढायचा. चव लिहिताना इंग्रजी पुस्तकातली गूजबेरी आणि ब्लॅककरंट लिहू नका, आपण लहानपणी कुठे खाल्ली होती ती? सोविन्यॉं ब्लांला कच्ची कैरी लिहा, चिलीच्या कार्मेनेरला ढोबळी मिरची, जॉर्जियाच्या सापेरावीला जांभूळ आणि आमसूल. ओल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा वास आला तर ती तुमच्या नाकाची चूक नाही, बूच खराब आहे, फोटो काढा आणि क्लबला कळवा, चांगला क्लब पैसे परत देतो.

आणि एक, उदबत्ती विझवा. फोडणी, तळण सगळं पहिली फेरी संपल्यावर. हिंगाच्या वासात कुठलीही वाइन हिंगाचीच लागते.

आता घ्यायचं काय. साधा नियम: ज्या गावाचं नाव दुकानातल्या गिऱ्हाइकाला उच्चारता येत नाही तिथे पैसा वसूल. पोर्तुगालचं 1874 ला जे झालं तेच अजून चालू आहे, त्यांच्याकडे द्राक्षांच्या अडीचशेच्या वर स्वतःच्या जाती आहेत, कुणाला नावं पाठ नाहीत, म्हणून दाँव आणि अलेंतेजूच्या लाल वाइन याच बजेटमध्ये इतक्या छान मिळतात. स्पेनमध्ये नावाजलेल्या रिओहाऐवजी कालातायुद किंवा कांपो दे बोर्हा या भागांतली जुन्या वेलींची गार्नाचा ही लाल वाइन बघा. शँपेनऐवजी क्रेमां, म्हणजे फ्रान्सच्या इतर भागांतली फेसाळ वाइन, तीही बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, फक्त शँपेनला किमान 15 महिने ठेवावं लागतं आणि क्रेमांला बाटलीत 9, आणि किंमत साधारण निम्मी. रुमानियाची पिनो न्वार, हंगेरीची कोरडी फुर्मिंट, फ्रान्समधली नांतजवळची मुस्कादे. कार्मेनेरची तर गोष्टच आहे, चिलीवाले ती मेर्लो म्हणून लावत आणि विकत होते, 1994 मध्ये एका फ्रेंच तज्ज्ञाने मळ्यात पानं बघून सांगितलं की अहो ही दुसरीच जात आहे.

थीम ठेवली तर जास्त शिकायला मिळतं. आमची सगळ्यात गाजलेली बैठक शेनिन ब्लांची. नाशिकला सुलाने नव्वदच्या दशकात लावलेल्या पहिल्या जातींमध्ये शेनिन होती, आणि भारतात वाइन प्यायला सुरुवात केलेल्या कितीतरी जणांची पहिली बाटली तीच, जरा गोडसर. ही जात मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली, पण आज जगात सगळ्यात जास्त दक्षिण आफ्रिकेत आहे. म्हणून एक ल्वारची व्हूव्रे, दोन आफ्रिकेच्या, त्यातली एक स्वार्टलँडच्या जुन्या वेलींची, आणि एक नाशिकची, कुणाच्या तरी आईने बॅगेत साड्यांमध्ये गुंडाळून आणलेली. स्वार्टलँडवाली जिंकली, एकमताने. नाशिकची शेवटून पहिली आली पण मोजा काढल्यावर सगळ्यात आधी तीच संपली.

लेबलवरच्या शब्दांचं थोडं. रिझर्वा हा शब्द स्पेनमध्ये कायद्याने बांधलेला आहे, रिओहाच्या लाल रिझर्वाला किमान तीन वर्षं आणि त्यातलं एक लाकडी पिंपात. बऱ्याच इतर देशांत तो नुसता शोभेचा. ओल्ड व्हाइन्स, म्हणजे जुन्या वेली, या शब्दांना तर बहुतेक ठिकाणी कायद्याची व्याख्याच नाही. जड बाटली म्हणजे चांगली वाइन नव्हे, जड बाटली म्हणजे जड बाटली. स्क्रू-कॅपला हसू नका. घरी कुणी कडक शाकाहारी असेल तर व्हेगन लिहिलंय का तेही बघा, कारण वाइन स्वच्छ नितळ करायला काही जण अंड्याचा बलक नाही पण पांढरा भाग वापरतात, काही जण माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं इसिंग्लास. आमच्या एका काकूंना हे दोन वर्षांनी कळलं आणि त्या आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या फेरीला जेवण, आणि इथे इंग्रज लोकांचा सल्ला फारसा कामाचा नाही. तिखटाबरोबर जास्त अल्कोहोल आणि जास्त टॅनिन (लाल वाइनमधला तोंड कोरडं करणारा तुरटपणा) दोन्ही नको, तोंडात आग वाढते. मटणाच्या रश्श्याबरोबर भारदस्त लाल वाइन उघडणं ही सगळेच करतात ती चूक, त्यापेक्षा बोजोले ही हलकी फ्रेंच लाल वाइन घ्या आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून द्या. कोळंबीच्या कालवणाला जर्मनीची रिसलिंग काबिनेट, मोझेलची असेल तर बहुतेक 8-9 टक्केच अल्कोहोल आणि थोडी गोडी, लिंबाच्या सालीसारखा वास, तिखटाला ती गोडी बरोबर सांभाळून घेते. रवा लावून तळलेल्या सुरमईला स्पेनची थंडगार फीनो शेरी. शेरी म्हटलं की लोक आजीबाईंचं गोड औषध समजतात, पण फीनो एकदम कोरडी असते, भिजवलेल्या बदामासारखी आणि किंचित खारट, आणि या पैशात एवढी मेहनत घेतलेली दुसरी वाइन मला तरी माहीत नाही. बटाटेवड्याला क्रेमां. हे करून बघा आणि मग मला सांगा.

आता उरलेली. झाकण लावून फ्रिजमध्ये, लालसुद्धा, तीनेक दिवस बरी राहते, लाल प्यायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा. नंबर लावून वाटून घ्या, ज्याने त्या बाटलीला सगळ्यात कमी मार्क दिले त्याने ती घरी न्यायची असा आमचा नियम आहे, कारण दुसऱ्या दिवशी कितीतरी वेळा मत बदलतं आणि ग्रुपवर मेसेज येतो. फीनो मात्र ठेवू नका, अर्धी बाटलीच घ्या, 375 मिलीची, आणि त्याच रात्री संपवा.